विजयाच्या गोष्टीचा राहिलेला भाग

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवरून राज्यांच्या सीमा ठरत असत त्या काळी, एका राजाने शेजारच्या राजाला लढाईत हरवलं.

त्या जिंकणाऱ्या राजाच्या राज्यात सुंद्रा नावाची एक बाई होती. कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक दाखवायची आणि गाऊन गोष्ट सांगायची, हा तिच्या घराचा पिढीजात धंदा. ती गायची, तिचा नवरा कोंडाजी साथीला हुडूक वाजवायचा. देवळापुढे त्यांची बैठक जमली, की गाव जेवणखाण विसरून ऐकत बसायचं.

सैन्य परतलं तेव्हा उन्हाळा कडक होता आणि नदी आटत आली होती. सुंद्राच्या गावाच्या वरच्या अंगाला सैन्याने तळ टाकला. हजारो माणसं, घोडे, बैल, जखमी, आजारी, सगळ्यांचं सगळं त्या एका नदीवर. तळ उठला आणि खालच्या गावांत पटकी शिरली. सकाळी औत हाकणारा माणूस दिवस मावळेपर्यंत वांत्या-जुलाबांनी सुकून जायचा. कोंडाजीही तसाच गेला.

लढाईत धरून आणलेली काही कुटुंबं राजाने गावाजवळ वसवली होती. त्यांच्या वस्तीत एकही माणूस दगावला नाही. गावाला तेवढं पुरलं. "यांनीच काहीतरी केलं," म्हणत लोकांनी त्यांची खोपटी जाळली आणि त्यांना डोंगरावर पिटाळून लावलं.

सुंद्रा जाळायला गेली नव्हती, पण मनातून तिलाही तेच वाटत होतं. नवऱ्याचे दिवस झाले आणि ती तरातरा डोंगर चढून गेली. तिथे कैद्यांपैकी एक म्हातारी, नागव्वा, तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळत बसली होती.

"माझा माणूस गेला," सुंद्रा म्हणाली. "आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी गेलं. तुमच्यातलं कोणीच कसं गेलं नाही? काय केलंत तुम्ही?"

नागव्वाने मान वर केली. "ऐकायला आलीस की भांडायला?"

"तू काय सांगतेस त्यावर आहे."

"मग बस."

सुंद्रा बसली नाही. म्हातारी तरी सांगतच राहिली. "माझ्या पणजीच्या वेळी आमच्या मुलखात असंच झालं. फौज आली, नदीवर उतरली, आणि मागून गावंच्या गावं ओस पडली. ज्या बाया उरल्या त्यांनी त्याचं गाणं केलं. आमच्याकडे पोर जात्याला हात लावायला लागली, की आधी ते गाणं शिकते. फौज नदीला आली की नदी सोडायची. झऱ्याचं पाणी प्यायचं, तेही उकळून. आजाऱ्याची धुणी पाणवठ्यावर न्यायची नाहीत. आम्ही तेवढंच केलं. तुमच्या गावालाही सांगून पाहिलं. पण कैद्यांचं कोण ऐकतं, बाई?"

सुंद्राने विचारलं, "तेव्हा फौज कोणाची होती? आमच्या राजाची?"

"नाही गं," नागव्वा म्हणाली. "आमचीच होती. जिंकून आली होती."

तेव्हा मात्र सुंद्रा मटकन खाली बसली. मग सुंद्रा म्हणाली, "ते गाणं मला शिकव." गाणं तोंडपाठ झाल्याशिवाय ती डोंगर उतरली नाही.

पुढे राजधानीत विजयाचा उत्सव ठरला. लढाईची गोष्ट सांगायला सुंद्राला बोलावणं आलं. तिने हत्ती काढले, घोडदळ काढलं, निशाण काढलं. त्यानंतर तिने नदीवरचा तळ काढला. ओंजळीने पाणी पिणारा कोंडाजी काढला. जळणारी खोपटी काढली.

राजाच्या कारभाऱ्याने चित्रं आधी पाहायला मागवली. पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला. "ही शेवटची चित्रं दाखवायची नाहीत. जिंकल्याची गोष्ट सांग, बाई. उत्सवाला गालबोट कशाला लावतेस?"

"सरकार, उन्हाळ्यात फौज पुन्हा निघणार, असं ऐकते. ती याच वाटेने परत येईल."

"तो विचार आम्ही करू. तू तेवढी अर्धी गोष्ट सांग."

"अर्धी मला सांगता येणार नाही," सुंद्रा म्हणाली.

कारभाऱ्याने तिची सगळी चित्रं ठेवून घेतली, सासऱ्याच्या हातची जुनीसुद्धा, आणि तिला शहराबाहेर काढलं. वाटेत ती रडली. पण अश्रू पुसले तेव्हा तिचं ठरलं होतं. कागद नसले म्हणून काय झालं? गावोगाव भिंती होत्या. गेरू होता, चुना होता, कोळसा होता.

पहिल्याच गावात पाटील अंगावर धावून आला. "आमची पोरं त्या फौजेत होती. त्यांच्या नावाला काळं फासतेस?"

"पोरांचा दोष नाही, पाटील. तहानलेला पाण्यावर जाणारच. पण त्याच पाण्याने तुमच्या घरातलं कोण गेलं, ते आठवा."

पाटलाची सून गेली होती. तरी त्याने भिंत पुसायला लावली. सुंद्राने दुसऱ्या दिवशी तेच चित्र दुसऱ्या भिंतीवर काढलं. पुढच्या गावात तिच्यावर शेण फेकलं. हात धुऊन ती नागव्वाचं गाणं गात पुन्हा रंगवायला बसली. चित्रापाशी पोरं थांबत, पोरांना न्यायला आया येत, आणि आया गाणं घेऊन घरी जात. हळूहळू ते नदीकाठच्या जात्याजात्यावर ऐकू येऊ लागलं.

सगळ्यांत अवघड होतं तिचं स्वतःचं गाव. तिथे ती नागव्वाला बरोबर घेऊन गेली. सगळ्यांसमोर तिने जळणारी खोपटी रंगवली आणि पेटते पलिते धरलेले हातही रंगवले. कोणाचेही चेहरे काढले नाहीत. गाव खाली मान घालून उभं राहिलं. शेवटी शेजारची एक बाई पुढे आली आणि नागव्वाला म्हणाली, "आजी, तो झरा कुठे आहे, दाखवता का?"

उन्हाळ्यात फौज गेली आणि परतलीही. तळ पुन्हा नदीवर पडला आणि या खेपेला पटकी तळातच उठली. शिपाई पटापट मरू लागले. खालच्या गावांत मात्र चुलींवर हंडे उकळत होते. नदीवर कोणी फिरकत नव्हतं. गावकऱ्यांनी उकळलेल्या पाण्याच्या कावडी तळावर नेल्या, कारण तिथे मरणारी पोरं त्यांचीच होती.

हे ऐकून राजा स्वतः गावात आला. भिंतीवरचं चित्र त्याने नीट पाहिलं. "माझं विजयी सैन्य असं कोणी काढलं?"

"मी," सुंद्रा म्हणाली.

"भीती वाटली नाही?"

"वाटली, महाराज. पण माझा माणूस नेणारं पाणी पुन्हा येणार होतं. मी गप्प बसले असते, तर आणखी कोणाचा तरी माणूस गेला असता."

राजाने भिंतीकडे पाहत विचारलं, "याच्या पुढची गोष्ट काय?"

"ती तुमच्या हातात आहे."

राजाने हुकूम काढला, की गावांच्या वरच्या अंगाला फौजेने कधी उतरायचं नाही. कैद्यांना मोकळं केलं. काही आपल्या मुलखात परतले, काही गावातच राहिले आणि त्यांची घरं गावाने बांधून दिली. विजयाच्या उत्सवात लढाईनंतरची गोष्टही सांगितली जाऊ लागली. लढाया एकदम थांबल्या असं नाही. पण पुढे कुठलाही राजा लढाईला निघाला, की आधी प्रजा त्याला विचारू लागली, "आणि परत येताना?" या प्रश्नाचं उत्तर न सुचल्याने कितीतरी स्वाऱ्या निघायच्या आधीच मोडल्या.

म्हणून ध्यानात ठेवावं: जो समाज आपल्या विजयाची गोष्ट त्यातल्या दुःखासकट सांगतो आणि ऐकतो, तोच पुढच्या संकटातून वाचतो.