न सुटणारा हात

एका राज्यात एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या सकाळी, राजापासून गुराख्यापर्यंत, प्रत्येकानं आपल्या अंगाला आपणच तेल लावायचं. दुसऱ्या कुणी लावायचं नाही. तिळाचं कोमट तेल तळव्यावर घ्यायचं, पायापासून आरंभ करायचा आणि एकेका अवयवाला म्हणायचं, “वर्षभर सोबत केलीस. दमला असशील. तुझं भलं असो.” तेलाच्या हातानं उच्चारलेला शब्द त्या राज्यात खरा होई, म्हणून त्या सकाळी लोक जपून बोलत. न्हाणं झालं की राजा शेतावर जाई आणि उजव्या हातानं बियाण्याची पहिली मूठ पेरी. त्यामागून सारं राज्य पेरणीला लागे.

त्या राज्याचा राजा अरिंजय. त्याची राणी कुमुद्वती नदीच्या पुरात गेली. नाव उलटली तेव्हा राजानं डाव्या हातानं काठावरचा दोर धरला होता आणि उजव्या हातानं राणीला. उजवा हात सुटला. एवढंच घडलं. राजानं त्याच संध्याकाळी त्या हाताला काळं फडकं गुंडाळलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढं वर्षाची पहिली सकाळ आली. राजा चौरंगावर बसला. डाव्या तळव्यावर तेल घेतलं आणि फडकं न सोडताच उजव्या हाताला म्हणाला, “तू माझा नव्हेस. दगड हो.”

हात बोटांपासून मनगटापर्यंत दगड झाला.

राजवैद्य आले. त्यांनी सवयीनं उजव्या मनगटाची नाडी धरली आणि फार वेळ धरून बसले. मग पेटी उचलून निघून गेले.

पहिली मूठ डाव्या हातानं पेरली गेली. राज्यात एक कोंब वर आला नाही. कोठारात वर्षापुरतं धान्य होतं, ते लोक खाऊ लागले.

राजकन्या सुवेणी म्हणाली, “बाबा, शब्द तुमचा आहे. तुम्हीच मागं घ्या.”

“खरं बोललो ते मागं कसं घेऊ? मी दुसरा हात आणतो.”

काळ्या डोंगरावर जटिला नावाची चेटकीण राहत असे. तिच्या भांडारात सोन्याचे हात, पाय, डोळे, कान होते. ज्यांना आपलं अंग आवडत नसे ते लोक दुरून तिच्याकडे येत. राजानं आपल्या बाजिंदा नावाच्या घोड्यावर खोगीर चढवलं आणि निघाला. वाटेत एक भारद्वाज पक्षी खोगिराच्या कडेवर येऊन बसला.

“कुठवर?” राजानं विचारलं.

“तुम्ही जाल तिथवर. मला उडायचा कंटाळा आहे,” भारद्वाज म्हणाला.

जटिला दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं. “काय हवं?”

“कधी सुटणार नाही असा हात.”

“आहे. तीन कामं कर. बुडत्या विहिरीच्या तळाचा शंख आण, काटेवनातल्या वाघिणीच्या पंजात रुतलेला साळिंदराचा काटा आण, आणि वाऱ्याच्या कड्यावरचं चाफ्याचं फूल आण.”

राजा बुडत्या विहिरीवर गेला. तिचं पाणी लाकडालाही वर ठेवत नसे, माणसाला तर नाहीच. राजानं उडी घेतली, तळ गाठला, शंख दातांत धरला आणि एका हातानं पाणी कापत वर आला. काठावर पडून तो धापा टाकत राहिला आणि स्वतःच्या छातीवर मूठ आपटून म्हणाला, “फुटका भाता! एवढ्यात दमलास?”

दगड मनगटावरून कोपरापर्यंत चढला.

“शापाला खाऊ घालताय, महाराज,” भारद्वाज म्हणाला. “तो वाढणारच.”

उन्हात उभ्या बाजिंदाला राजानं आधी पाणी दाखवलं, खोगीर सैल केलं, मानेवर थोपटलं आणि म्हणाला, “दमलास ना रे? बस घटकाभर.”

काटेवनात घोडा जाईना, म्हणून राजा उतरून अनवाणीच चालत गेला. वाघीण पाण्याच्या डबक्यापाशी पडली होती आणि तिचा पंजा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

“काढणार असलास तर काढ,” वाघीण म्हणाली. “गप्पा नकोत.”

राजा तिच्यापाशी बसला. पंजा मांडीवर घेतला, पाण्यानं पुसला, फुंकर घातली. “उगी. जरा कळ येईल. हं, आता, आता झालंच.” काटा निघाला. राजानं जखमेत पाला चुरून भरला आणि उठला. उठताना तो लंगडला, कारण तळव्यांत काटेच काटे होते.

“तुझ्याही पायांत काटे आहेत,” वाघीण म्हणाली.

“असू देत. पायच ते. त्यांची तीच लायकी.”

दगड कोपरावरून दंडावर चढला.

वाऱ्याचा कडा उभा होता. त्यावर कुणी चढू लागलं की वारा त्याचं नाव घेऊन खाली बोलावी. राजा एका हातानं आणि हनुवटीनं चढला. फूल खुडलं आणि उतरू लागला. अर्ध्यावर त्याचे गुडघे थरथरू लागले.

“मोडा एकदाचे,” तो गुडघ्यांना म्हणाला. “कुचकामी सगळे. तिला वाचवायला कोण उपयोगी पडलं?”

ते मोडले नाहीत. त्यांनी त्याला खाली आणलं. दगड मात्र खांद्यापर्यंत आला.

“एक विचारू?” भारद्वाज म्हणाला. “घोडा अडखळला तर तुम्ही त्याला असं बोलता?”

“घोड्यानं माझं काय वाईट केलंय?”

“तुमच्या गुडघ्यांनी काय केलंय?”

राजानं बाजिंदाला टाच मारली.

जटिलेनं शंख, काटा आणि फूल सुपात ठेवलं आणि भांडारातून सोन्याचा पंजा आणला. आतून तो पोकळ होता, मोज्यासारखा.

“दगडावर चढव. हा दमत नाही, आणि धरलेलं सोडत नाही.”

“मला तेच हवंय.”

“मग तक्रार घेऊन परत येऊ नकोस. येतात लोक.”

पंजा चढला. सोन्याची बोटं हलली, मिटली, उघडली. राजानं घोडा पिटाळला, कारण या वाटचालीत वर्ष सरून पुढची पहिली सकाळ उजाडली होती.

तो परस्पर शेतावरच पोहोचला. लोक बांधावर उभे होते, न्हालेले, तेलानं तुकतुकीत, आणि उपाशी. कोठाराचा तळ दिसू लागला होता. उरलेलं बियाणं सुवेणीच्या टोपलीत होतं. राजानं सोन्याच्या हातानं मूठ भरली आणि नांगरलेल्या रानावर हात पसरला.

मूठ उघडली नाही.

त्यानं हात झटकला. दंड ओढला. सोन्याच्या बोटांमधून भुरभुर पीठ गळू लागलं. बियाणं आत भरडलं जात होतं.

लोहार छिन्नी घेऊन धावला. छिन्नी बोथट झाली. सुवेणीनं टोपली खाली ठेवली. “असा कसला हो हात आणलात, बाबा? पेरताना सोडावं लागतं, एवढंही विचारलं नाहीत?” असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी बोटं उघडायला घेतली. बोटं क्षणभर उघडली आणि तिच्या मनगटावर मिटली.

सुवेणी किंचाळली नाही. तिचा चेहरा पांढरा झाला. मनगटापुढचा हात निळा पडू लागला.

“सोड!” राजा हाताला म्हणाला. “सोड, चांडाळा!”

पकड आवळली.

“तोडा माझा हात!” राजा लोहाराला म्हणाला.

“महाराज, खांद्यापर्यंत दगड आहे आणि खाली सोनं. तोडू कुठून?”

भारद्वाज बांधावर उतरला. “महाराज, आज तेल लावलंत?”

राजानं नकारार्थी मान हलवली. सुवेणी दात आवळून म्हणाली, “तेल आणा कुणीतरी. लवकर.”

तेलाची वाटी आली. राजानं डाव्या तळव्यावर तेल घेतलं आणि सोन्याच्या पंजाकडे नेलं.

“पायापासून, बाबा,” सुवेणी म्हणाली. “रीत मोडू नका. मी कळ काढते.”

राजा ढेकळांत बसला. त्यानं आपले तळवे पाहिले. काटेवनातले काटे अजून तिथंच होते. एकेक काढत त्यानं तेल लावलं. “सोबत केलीत. दमला असाल.” गुडघ्यांना लावलं. “मोडा म्हणालो, तरी मला खाली आणलंत.” छातीला लावलं. “तळापर्यंत पुरलास, भात्या.” प्रत्येक शब्दासरशी दगड उतरत होता, खांद्यावरून दंडावर, दंडावरून कोपरावर, आणि मनगटाशी येऊन थांबला.

राजानं सोन्याच्या कडेच्या फटीतून आत तेल सोडलं. सुवेणीनं डोळे मिटले होते.

“पाणी फार होतं,” तो अखेर म्हणाला. “तू हातच होतास. हाताला धरवलं तेवढं धरलंस. दमला असशील.” आणि थोड्या वेळानं, “माझा आहेस.”

आत काहीतरी हललं. सोनं शेंगेसारखं दोन्ही कडांनी उकललं आणि ढेकळांत पडलं. सुवेणीनं मनगट छातीशी धरलं. त्यात रंग परत येऊ लागला, तेव्हा कुठं ती रडली.

काळं फडकं गळून पडलं होतं. राजानं उजवा हात उलटा केला. तळव्यावर आडवा, खोल व्रण होता, राणीच्या पाटलीच्या नक्षीचा. जोरात आणि फार वेळ धरल्याशिवाय नक्षी मांसात उमटत नाही. राजा बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. लोकांनी घाई केली नाही.

मग त्यानं टोपलीतली मूठ उचलली, हात पसरला आणि सोडली.

त्या वर्षी पिकं कमरेएवढी आली. सोन्याचा पंजा कोठाराच्या दाराला कडी म्हणून लावला. न सुटणं तिथं कामाचं होतं. राजा नदीवर जाऊ लागला. पायरीवर बसून उजवा हात पाण्यात धरायचा, आणि उठताना पंच्यानं पुसायचा, नीट, बोटाबोटाच्या मधून.

ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांचे हातपाय त्यांच्यापाशी सुखानं नांदोत, आणि दमले तर त्यांना घटकाभर बसायला मिळो.