थोरलीची जागा

“आणि ती आली, तर उभी कुठं राहणार?” चाचांनी विचारलं.

धैर्यशील हसला. म्हातारा चेष्टा करतोय, असं त्याला वाटलं.

“घरापुढं, चाचा. एवढं मोठं अंगण आहे.”

“मोकळं आहे?”

“मोकळंच की.”

चाचा चुलीवरचा चहा नुसता ढवळत राहिले...

घाटमाथ्यावरचा हा तकिया म्हणजे हिरवी चादर घातलेली एक कबर, एक कडुनिंब आणि पुढ्यात ट्रक सहज वळेल एवढं मातीचं पटांगण. इथला फकीर म्हणजे चाचा. ड्रायव्हर कुठल्याही देवाचा असो, इथं हॉर्न दिल्याशिवाय पुढं जात नसे. नवी गाडी आधी इथं यायची. विकलेली गाडीही शेवटची इथंच यायची. मालक तिच्या पुढच्या चाकांवर पाणी घालायचा, तोंडानं ‘जा’ म्हणायचा, मगच ती परक्याची व्हायची.

धैर्यशील ताईत मागायला आला होता. नवा ट्रक कंपनीतून निघतच नव्हता. दिवाळीनंतर सिमेंटच्या वाहतुकीचं काम ठरलं होतं. तोवर गाडी दारात आली नाही, तर ते काम दुसऱ्याला जाणार होतं आणि हा बापाच्या धंद्यातून उठणार होता.

“आधी म्हणाले श्रावणात. मग म्हणाले गणपतीत. आता म्हणतात, निघाली की कळवू. आणि विचारायला गेलं की चहा पाजतात!” त्यानं खिशातला फोन काढून पाहिला, परत ठेवला.

शेजारी बसलेल्या कांचननं पदर सारखा केला. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या तोंडून तिनं स्वतःचं नाव ऐकलं नसेल, तेवढा त्या गाडीचा चासी नंबर ऐकला होता.

“जुनी कधी दिलीस?” चाचांनी विचारलं.

“लग्नाच्या आधी. एजंट दारातनं घेऊन गेला. मी शोरूमला होतो, नवीचं बुकिंग करत.”

“इथं आणली नाहीस.”

“वेळ कुठं होता? आणि भंगारात निघालेल्या गाडीला कसला निरोप, चाचा? तुकडे झाले तिचे कधीच.”

जुन्या गाडीला घरात सगळे थोरली म्हणत. धैर्यशीलच्या वडिलांनी, आबांनी, ती जन्मभर चालवली होती. मांडवात कुणीतरी कुजबुजलं होतं, ‘थोरली गेली नि ही आली.’ ते ऐकून कांचनला ती नवऱ्याची पहिली बायकोच वाटली होती. थोरलीला चाकं होती, हे कळल्यावर ती एकटीच मोरीत जाऊन हसली होती.

“बेटी,” चाचा तिच्याकडे वळले. “तू पाहिलीस थोरली?”

“नाही. मी यायच्या आत ती गेली.”

“धुणं कुठं वाळत घालतेस?”

“मागं. परसात.”

“पुढं ऊन नाही?”

“आहे... पुढंच जास्त आहे.”

“मग?”

कांचन आठवायला लागली.

खरंच, मग? सासूबाई पाण्याची घागर घेऊन फाटकापासून दारापर्यंत भिंतीकडेनं येतात. मोटारसायकल पावसातही बाहेर रस्त्यावर असते. आणि कुत्रा भर दुपारी अंगणाच्या मधोमध झोपतो, भर उन्हात, सावलीत झोपावं तसा...

तिनं वळून पाहिलं. आत्ताही नवऱ्यानं मोटारसायकल काट्यांच्या कुंपणाला खेटून लावली होती. सगळं पटांगण मोकळं सोडून.

“किती उंच होती?” चाचांनी तिला विचारलं.

“तिला काय विचारताय? तिनं कुठं...”

पण कांचनचा हात वर गेला होता. डोक्याच्या वर, पोचेल तेवढा. मग तो हवेत डावीकडे सरकला, खाली उतरला, एका जागी थांबला. तळवा आपोआप वाटीसारखा झाला.

“इथं चेपलीय,” ती म्हणाली.

धैर्यशीलचा चेहरा उतरला.

“पुलाच्या कठड्याला घासली होती... आबांच्या हातून. तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही हो.”

“मग?”

“संध्याकाळी दिवा लावून तुळशीकडं जाते ना... तेव्हा हाताला लागतं.”

कडुनिंबाची पिवळी पानं गळत होती. चुलीवर पडत होती, कबरीवर पडत होती, कांचनच्या मांडीवर पडत होती. पटांगणाच्या मधोमध एकही पडत नव्हतं.

चाचांनी रांजणातून लोटीभर पाणी काढलं आणि धैर्यशीलच्या हातात दिलं.

“हे काय? मी ताईत मागितला.”

चाचांनी पटांगणाच्या मधोमध बोट केलं.

“चाचा, इथं काही नाही. कुणावर घालू?”

“तुमच्या मागोमाग आलीय ती.”

धैर्यशील हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. तो उठला. पटांगणात शिरला. नाकासमोर चालत गेला नाही, वळसा घालून गेला. एका जागी वाकला आणि अर्धी लोटी ओतली. मग पुढून चालत दुसऱ्या बाजूला गेला. पाच-सहा फुटांवर पुन्हा वाकला, उरलेली ओतली. अंतर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी सरळ खाली आलं नाही. हवेतच फुटलं आणि कशाच्या तरी गोलाईवरून ओघळावं तसं दोन्हीकडून मातीत उतरलं.

त्याच्या खिशात फोन वाजू लागला. वाजत राहिला. त्यानं खिशाकडे हातही नेला नाही.

“आबा असते तर...” तो म्हणाला. मग नुसता हात पुढं केला आणि जनावराच्या कपाळावर ठेवावा तसा हवेत ठेवला.

“थोरले... जा.”

फोन बंद झाला. चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही...

चाचांनी कांचनच्या खांद्याला हलकेच हात लावला.

“बेटी, जरा सरक. तिला वळायला जागा लागते.”