धुरपीचं पेव

माणसं पेवात धान्य पुरायला शिकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बांधावरच्या बोरीखाली धुरपी नावाची घूस राहायची. यंदाची ज्वारी, गेल्या सालचे हुलगे, सासूच्या काळचे सागरगोटे, सगळं ती बिळाच्या तोंडाशीच ठेवी. हाताशी असलेलं बरं, असं तिला वाटे. पण कावळ्यांपासून ते राखता राखता घरातली पोरं वाळून काडी झाली.

शेजारचे साळिंदरबुवा म्हणाले, "धुरपाबाई, खाली खोल पेव खणा. तिथं राखण लागत नाही. मात्र एकदा लिंपलेलं पेव उघडलं, की कोंडलेली हवा जाईस्तोवर आत शिरायचं नाही, जीव गुदमरतो."

धुरपीने पेव खणलं, जुनं दिसेल ते खाली लोटलं आणि तोंड मातीने लिंपून टाकलं. यंदाची ज्वारी तेवढी वर राहिली. राखायला एक पोरगं पुरू लागलं. बाकीची अंग धरू लागली.

मग एके सकाळी धाकट्याचं पोट दुखायला लागलं. पोटदुखीवर सागरगोटा उगाळून देतात, हे धुरपीला ठाऊक होतं; पण तो पेवाच्या तळाशी. तिने तोंड फोडलं आणि काठावर बसून राहिली. पोर गडाबडा लोळत होतं. हवा निवळली तेव्हा दिवस कलला होता.

धाकटा वाचला. धुरपीने यंदाची निम्मी ज्वारी खाली ढकलली आणि सागरगोटे उशाशी आणून ठेवले.

"नवं खाली आणि इतकं जुनं वर?" बुवांनी विचारलं.

"ज्वारीची वाट दिवसभर बघता येते, बुवा," धुरपी म्हणाली. "ह्या सागरगोट्यांची मी एकदा बघितली."