चंदनाच्या झाडांचा बाजार

पूर्वी समुद्राकाठच्या वेणुतट नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कथेकऱ्याच्या घरी जन्माला आले. नाव मणिकंठ. बायको ललिता, लेक चंपा, आणि संपत्ती म्हणाल तर नुसत्या गोष्टी.

त्या नगराची एक रीत होती. विकणाऱ्याने माल सांगायचा, घेणाऱ्याने "हूं" म्हणायचं, की सौदा पक्का. गोष्टीला हुंकार तोच नि बाजारालाही तोच.

एका संध्याकाळी बोधिसत्त्वांनी घाटावर एका बेटाची गोष्ट सांगितली. तिथली चंदनाची झाडं भरतीबरोबर चालू लागत, लाटांवर डुलत येत आणि हाक मारील त्याच्या दारी उभी राहत. वारा मंद होता. ऐकता ऐकता माणसं पेंगुळली. धनपाल शेट शेजाऱ्याला सहज म्हणाले, "त्या बेटावरची झाडं माझी बरं का! एक घेता?" शेजारी गोष्टीच्या गुंगीत होता. तो म्हणाला, "हूं."

झालं! सौदा तो सौदा. शेजाऱ्याने सकाळी तेच झाड दुप्पट भावाने पुढे विकलं. मग घेणाऱ्याने आणखी चढवून विकलं. बाजारभर मधमाश्यांसारखे हुंकार घुमू लागले. न पाहिलेल्या चंदनाचा वास लोकांना यायला लागला. कोष्ट्याने माग थांबवला, कुंभाराने चाक. झाडांच्या सावलीलाही भाव आला, नि राजानेसुद्धा मिरवणुकीपुरती सावली घेतली. आता सौद्यात यायचं उरलं होतं ते फक्त पेरणीचं बियाणं. शेतकरी तेही विकून झाडं घ्यायच्या बेतात होते.

धनपाल शेट मणिकंठाच्या दारी आले. "कथेकरीबुवा, आज एवढंच सांगा, की झाडांना बहर आलाय. तुमच्या चंपाला सोन्याने मढवतो."

ललिता आतून म्हणाली, "अहो, गोष्ट तुमचीच ना? एक बहर जास्त आला तर काय बिघडलं?"

"बेट मी रचलं ते ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती गोष्ट होती," बोधिसत्त्व म्हणाले. "आज बहर सांगितला, तर लोक बियाणं विकतील आणि पुढल्या साली नगर उपाशी मरेल. शेटजी, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्या संध्याकाळी घाटावर त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाबांनो, ते बेट कुठंच नाही. माझ्या मनातलं आहे."

कोणी हूं म्हटलं नाही.

सकाळपर्यंत सगळी झाडं नाहीशी झाली. बियाणं तेवढं वाचलं. पण हुंकारही आटला, बघा. कोठारात भात होतं, अंगणात मडकी होती, मागावर कापड होतं; घ्यायला मात्र कोणी धजेना. ज्याचं त्याच्यापाशी, आणि चुली थंड. लोक बोधिसत्त्वांना म्हणत, "तुमच्या जिभेनं गाव बुडवलं!"

ललितेने मडक्यातले उरलेसुरले तांदूळ ओच्यात घेतले. "चला. बुडवलंय तर आता काढू," ती म्हणाली.

दोघं कुंभाराकडे गेली. "दादा, तुमचं मडकं सांगा," बोधिसत्त्व म्हणाले.

"थट्टा करता? कोण ऐकणार माझं?"

"मी ऐकतो. आधी खोट सांगा, मग गुण."

कुंभार चाचरत बोलला, "काठाला चीर आहे. पाणी झिरपेल. धान्याला मात्र चालेल."

"हूं," बोधिसत्त्व म्हणाले. ललितेने मोल म्हणून तांदूळ त्याच्यापुढे ओतले.

कुंभाराने त्यातले निम्मे घेऊन कोष्ट्याचं दार ठोठावलं. कोष्ट्याने आधी पंच्यातला सुटलेला धागा दाखवला, मग किंमत सांगितली. कोष्टी कोळ्याकडे गेला. कोळी म्हणाला, "मासळी कालची आहे हो!" आणि हसला. तिन्हीसांजेला घरोघर धूर निघाला. तेव्हापासून वेणुतटात माल सांगताना आधी खोट सांगायची रीत पडली.

पुढे वाचलेल्या बियाण्याचं सोन्यासारखं भात आलं. लोकांनी आपणहून खाडीकाठचं शेत मणिकंठाला दिलं. चंपा कोष्ट्याच्या घरी सून म्हणून गेली, आणि ललितेच्या दारातून कोणी उपाशी परतलं नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनपाल तो देवदत्त, कुंभार तो उपाली, ललिता ती राहुलमाता आणि कथेकरी मीच होतो. आपल्याच गोड कथेविरुद्ध उभं राहायला जे बळ लागतं, ती सत्यपारमिता."