रोज सैल होणारे बोल्ट

सागाच्या एका डोंगराळ जंगलात, जिथे रस्ता एकतर चढतो नाहीतर उतरतो, तिथे एक अस्वल राहत असे. त्याच्याजवळ एक जुनी मोटार होती. जंगलात कोणाचा पाय मोडला, कोणाला ताप भरला, की आधी अस्वलाला हाक जाई. मग अस्वल त्या आजाऱ्याला मागच्या सीटवर निजवून घाटाच्या पलीकडे, कासववैद्यांकडे पोहोचवत असे. मनाने ते भले होते. आणि अंगात ताकद तर अशी, की चाक बदलताना जॅक लावायचेही ते कधी कधी विसरून जाई!

त्या मोटारीला एक खोड होती. मागचे डावे चाक ज्या बोल्टांनी आसाला जोडलेले असते, ते बोल्ट सारखे सैल होत. सैल झाले की 'टक्, टक्' असा आवाज येई. मग अस्वल गाडी थांबवी, पाना लावी, दात-ओठ खाऊन बोल्ट आवळी आणि पुढे जाई. आधी आठवड्यातून एकदा आवळावे लागे, पुढे रोज आवळावे लागू लागले. अस्वलाला त्याचे काही वाटले नाही. उलट, आपण गाडीची किती काळजी घेतो, असेच त्याला वाटे.

एके दिवशी गाड्या दुरुस्त करणारी, अंगभर काट्यांची म्हातारी साळू वाटेत भेटली. चाकाचा आवाज तिने दुरूनच ओळखला. ती गाडीखाली शिरली आणि बाहेर आली, तेव्हा तिचे बोट तेलाने काळे झाले होते.

"बोल्ट रोज आवळतोस ना रे?" तिने विचारले.

"रोज सकाळी. न चुकता," अस्वल अभिमानाने म्हणाले.

"मग ते रोज सैल का होतात, हे कधी पाहिलेस? आतून तेल झिरपते आहे. बोल्टांचे आटे तेलकट झालेत, त्यांच्याखालचे वायसर झिजून कागदासारखे झालेत. असा बोल्ट ताकदीने पिळलास तर तो ताणला जातो आणि एक दिवस तुटतो. तेलाची गळती थांबवू, सगळे पुसून कोरडे करू, नवे बोल्ट घालू. दोन दिवस गाडी माझ्याकडे ठेव."

"दोन दिवस?" अस्वल चपापले. "आणि तेवढ्यात कोणी आजारी पडले तर? नाही साळूमावशी, पुढे बघू. तोवर माझे हात आहेत की!"

साळू आपली हत्यारे उचलून निघून गेली.

चारच दिवसांनी भर दुपारी एक वानर धापा टाकत आला. त्याच्या वानरीला घोणस चावली होती. अस्वलाने तिला अलगद उचलून गाडीत निजवले, वानराला शेजारी बसवले आणि गाडी घाटाला लावली. बोल्ट त्याने सकाळीच आवळले होते. तरी तिसऱ्या वळणावर आवाज सुरू झाला. अस्वल खाली उतरले, पाना लावला, जोर केला आणि बोल्टचे डोके त्याच्या हातात आले. तसेच गाडीत बसून त्याने गाडी पुढे काढली. वळण संपते न संपते तोच चाकातून काडकन आवाज झाला. उरलेले बोल्टही तुटले. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचेना, ते नुसतेच गरजू लागले. गाडी मात्र तसूभर पुढे जाईना.

अस्वलाने चाकाला दगड लावला, वानरीला पाठीवर घेतले आणि ते चढावर पळत सुटले; वानर मागोमाग धावला. एवढ्या जोराने ते आयुष्यात कधी पळाले नव्हते. पण विष त्याच्याहून जोराने पळत होते.

"दादा," वानरी त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "आता पळू नका. मला जरा सावलीत टेकवा."

अस्वलाने तिला एका बेहड्याच्या झाडाखाली टेकवले. तिथेच तिने प्राण सोडला.

वानर तिचा हात धरून बसला. मग मान वर न करता त्याने विचारले, "दादा, बोल्ट खराब आहेत हे तुम्हांला ठाऊक होते?"

"ठाऊक होते," अस्वल म्हणाले.

वानर अस्वलाशी पुन्हा कधीच बोलला नाही.

साळूने दोन दिवसांत गाडी नीट केली. नव्या प्रत्येक बोल्टवरून चाकापर्यंत तिने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ मोडली, की बोल्ट हलला असे समजायचे. अस्वल रोज सकाळी त्या रेघा तपासते. एकही मोडलेली नसते. आजारी जनावरे अजूनही त्याच्याच गाडीने जातात, कारण आजाऱ्यांना नेणारी दुसरी गाडीच नाही. पण बाळांनो, गाडीत चढण्याआधी प्रत्येक जण वाकून त्या चाकाकडे बघतो. आणि तोवर अस्वल मान खाली घालून बाजूला उभे राहते.

तात्पर्य : एकच दुखणे पुन्हा पुन्हा डोके वर काढत असेल, तर थांबून त्याचे मूळ शोधावे; वरवरच्या कष्टांनी ते फक्त झाकले जाते, आणि नेमके अडीअडचणीच्या वेळी उघडे पडते.