तीन ताऱ्यांची दीपमाळ

कोंडखारची खारजाई खाडीच्या काठावर आहे. देऊळ लहानसं, कौलारू. पण पुढची दीपमाळ दोन पुरुष उंच, काळ्या दगडाची. ती वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला पेटते. त्या संध्याकाळी गावात गेलात तर जरा जपून चाला, कारण सूर्य बुडून गेला तरी एकाही घरात दिवा लागलेला नसतो. रस्त्यावरचे खांबसुद्धा बंद. सगळं गाव देवळापुढे मान वर करून उभं असतं, आणि कशासाठी, तर आभाळात तीन तारे दिसावेत म्हणून.

पाहुण्यांना याची गंमत वाटते. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडतोच, आणि मग पायरीवर बसलेले सोनूबुवा गुरव त्याला हटकतात. "बंद करा ते. आमच्या पूर्वजांना थांबता आलं नाही, तुम्ही तरी थांबा." बुवांनी ऐंशी कधीच ओलांडली. ही हकीकत त्यांनी किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही, पण त्यांचा राग अजून शिळा झालेला नाही. ते सांगतात ते असं.

खोतांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. गावात शनवार तेल्यांची चार घरं होती. शनवार तेली म्हणजे यहुदी, बेने इस्रायली. त्यांचे वाडवडील गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, असं सांगतात. धंदा तेल गाळण्याचा, बोली आपलीच, बायकांचं नेसणंही आपल्यासारखंच. फक्त शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा घाणा सुटायचा, तो शनिवारी तीन तारे दिसल्यावरच पुन्हा जुंपायचा. मधल्या वेळात चूल पेटवायची नाही, ओझं उचलायचं नाही, बैलालासुद्धा कामाला लावायचं नाही. हा त्यांचा धर्म, आणि गावाला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

त्यातली मलकाबाई नवरा गेल्यावर एकटीच्या हिमतीवर घाणा चालवायची. मूर्तीपुढे हात जोडणं तिच्यात बसत नव्हतं, म्हणून ती देवळात कधी आली नाही. पण दीपमाळेचं करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, तिच्याच घाण्याचं. तो मान तिच्या सासऱ्यापासूनचा. पुनवेच्या आधी ती घाणा घासून पुसून घ्यायची, नवे घडे आणायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. "तुझा देव वेगळा, मग एवढी मरमर कशाला?" असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "दीपमाळ पेटली की माझंही अंगण दिसतं ना, बाय? मग झालं तर."

एका वर्षी पुनव आली शनिवारी. मलकाबाईने आदल्या दिवशीच, उन्हं कलायच्या आत, चार घडे भरून देवळात पोचते केले आणि घरी जाऊन हातपाय धुतले. तिचं काम झालं होतं.

त्याच रात्री धारराव खोतांकडे कुणी बडे सरदार मुक्कामाला आले. पंगती उठल्या, नाच झाला, अंगणात मशाली लागल्या. घरचं तेल संपलं तेव्हा खोतांनी देवळात माणूस धाडला, आणि भिवा गुरवाने चारही घडे उचलून दिले. "हा भिवा माझाच पूर्वज," बुवा सांगतात. "आपला म्हणून झाकून ठेवायचा? मी नाही ठेवत. खोतापुढे तोंड उघडायची छाती नव्हती त्याची."

सकाळी घडे रिकामे. खोतांना ठाऊक, गुरवाला ठाऊक, मशाली धरणाऱ्यांना ठाऊक, आणि ज्यांनी त्या उजेडात बसून लाडू खाल्ले त्या सगळ्यांना ठाऊक. तरी खोत चारचौघांत उभे राहून काय म्हणाले? तेलिणीने तेल दिलंच नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मलकाबाईला बोलावणं गेलं.

"आत्ताच्या आत्ता घाणा जुंप," खोत म्हणाले. "संध्याकाळी दीपमाळ पेटली पाहिजे."

"तेल मी काल दिलं, खोतसाहेब."

"मग गेलं कुठे?"

मलकाबाईने गुरवाकडे बघितलं. गुरवाने जमिनीकडे बघितलं. तिने गावाकडे बघितलं. ज्यांच्या बाळंतिणींना तिने तेल पुरवलं होतं, ज्यांच्या लग्नांत ती मिरवली होती, तीच माणसं सगळी. पण एकाच्याही तोंडाला वाचा फुटेना. तेव्हा तिला समजलं, की आपल्याला खोटं पाडायचं यांनी ठरवलेलं आहे. तिला आतून संताप आला. तिने पदर खोचला.

"तीन तारे दिसले की जुंपते," ती म्हणाली. "रात्रभर गाळून देते. त्याच्या आधी नाही."

"देवीपेक्षा तुझा शनिवार मोठा झाला?"

"तुमच्या देवीने माझा शनिवार कधी मागितला नाही. तुम्ही मागताय."

खोतांनी हुकूम सोडला: घाणा जुंप, नाहीतर दुपारच्या भरतीला गाव सोड. मलकाबाईला टेकाडावरची नवऱ्याची कबर आठवली. गाव सोडलं तर त्या कबरीकडे कोण बघणार? तरी ती जागची हलली नाही. मग खोतांची माणसं तिच्या पडवीत शिरली, बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधली आणि त्याच्या मानेवर जू ठेवलं. बैल पाऊल उचलीना. असूड ओढले, शेपूट पिळली, पण तो खाली बसला तो बसलाच. जन्मात कधी त्याने शनिवारी जू घेतलं नव्हतं, म्हणे. जनावराला कळत होतं ते माणसांना कळलं नाही. शेवटी चिडून त्यांनी घाण्याची लाट, बिया चिरडणारा तो जाड लाकडी दांडा, कुऱ्हाडीने फोडली, आणि सासऱ्याच्या हातची ती लाट तिच्या डोळ्यांदेखत जळणासारखी अंगणात पडली.

मलकाबाई घराबाहेर पडली ती रिकाम्या हातांनी. शनिवारी ओझं उचलायचं नाही, म्हणून साधं गाठोडंही घेतलं नाही. धक्क्यावर इस्माल नाखव्याचा मचवा लागलेला होता; तिला पलीकडे सोडायचा हुकूम त्यालाच होता. भरती चढली. ती म्हणाली, "इस्मालभाय, आज मी प्रवासही करायची नाही. तारे दिसल्यावर बसते."

नाखव्याने आभाळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि दोर पुन्हा खुंटीला बांधला. "दुपारची भरती गेली तर रात्रीची येल, बाय. माझ्या नमाजाला कुणी आडवं आलं तर मला चालंल का?" ओहोटी लागली तसा मचवा चिखलात बसला, आणि शेजारी नाखवा बसून राहिला.

इकडे खोतांनी घरोघरचं चमचा चमचा तेल गोळा केलं आणि सूर्य टेकतो न टेकतो तोच दीपमाळ पेटवायला घेतली. वारा नव्हता. तरी वात लावली की विझे, दुसरी लावली की तीही विझे. कुणी म्हणतं देवी कोपली, कुणी म्हणतं तेलात पाणी होतं. बुवांचं म्हणणं, तेव्हा हात कापत होते सगळ्यांचे. खोटेपणाने लावलेला दिवा टिकेल कसा? शेवटी भिवा गुरवाने हातातला काकडा खाली टाकला आणि सगळ्यांसमोर तो ओरडला, "तेल तिने दिलं होतं. मीच खोतांच्या घरी दिलं." मग कुणीतरी म्हणालं, मशाल मी धरली होती. दुसरा म्हणाला, मी पंगतीला होतो. सकाळी मुकी असलेली तोंडं आता एकेक करून उघडायला लागली. उशिराच, पण उघडली.

गाव धक्क्यावर आलं तेव्हा तिसरा तारा दिसला होता आणि मलकाबाईचा एक पाय मचव्यात होता. बायका रडायला लागल्या. सरदारांसमोर शोभा नको म्हणून खोतही मागून आले आणि हळूच म्हणाले, "झालं गेलं विसर. उद्या घरी ये, तुझ्या मनासारखं करू."

"घरी येऊन काय करू?" मलकाबाई म्हणाली. "आळ चारचौघांत घातलात, चारचौघांतच उतरवा. आणि हे बाकीचे रडतायत कशाला? तुम्ही तर एकटे खोटं बोललात, हे सगळे मिळून गप्प बसले. तीन तारे दिसायला वेळ तो किती लागतो? तेवढंही कुणाला थांबता आलं नाही."

नाखवा दोर हातात धरून उभा होता, सोडू की बांधू असं तिच्याकडे बघत. खोत मुकाट्याने दीपमाळेपाशी चालत गेले आणि जे बोलायचं ते धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. गावही बोललं. त्यानंतरच मलकाबाईने पाय मागे घेतला. लाट मोडलेली, म्हणून करंजाच्या बिया त्या रात्री घरोघरच्या उखळांत कांडल्या गेल्या, आणि दीपमाळ पेटली ती तिच्या देखरेखीखाली.

शनवार तेल्यांची घरं कोंडखारात आता उरली नाहीत. मुलंनातवंडं शहरात गेली, काही दूर त्यांच्या मुलखात गेली. मध्यंतरी गावातल्या काही शहाण्यांनी ठराव आणला होता, की ती माणसंच नाहीत तर त्यांचे तारे आपण का मोजायचे, आपल्या देवीच्या दारात दुसऱ्यांचा धर्म कशाला. बुवा काठी आपटत उठले होते. "दुसऱ्यांचा? इतक्या पिढ्या या दारात तेल कुणाचं जळलं? आणि त्यांच्यावर उपकार म्हणून थांबतो असं वाटतं तुम्हाला? आपण नालायक ठरलो होतो, म्हणून थांबतो." ठराव तिथेच बारगळला.

आजही चैत्री पुनवेला, वार कोणताही असो, तिसरा तारा दिसेपर्यंत कोंडखारात काडी ओढत नाहीत. तारा दिसला की खोतांच्या घरातलं सगळ्यांत वडील माणूस दीपमाळेला पाठ लावून गावाकडे तोंड करतं आणि मोठ्याने सांगतं, "तेल आम्ही जाळलं, आणि आळ तिच्यावर घातला." त्यावर सगळं गाव म्हणतं, "आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्ही गप्प बसलो." कडेवरच्या पोरांकडूनही ते म्हणवून घेतात. कुणी नुसतेच ओठ हलवतंय असं वाटलं, तर सोनूबुवा वात लावत नाहीत. पुन्हा म्हणायला लावतात.