कलते कोषागार

एका राज्यात सुवर्चला नावाची राणी होती आणि तिच्या जिवाला क्षणभर चैन नव्हते. कसे असणार? तिचा धाकटा भाऊ कीर्तिध्वज मांत्रिक वक्रांगाचे सोने चोरायला गेला आणि त्याच्याच कोषागारात कोंडला गेला. मोठा शूर! वक्रांगाने शाप दिला, "या चौरस खोलीच्या भिंती आहेत तेवढ्याच लांब राहतील, पण कोपरे कलत जातील. खोली पुन्हा चौरस होईल, तेव्हाच दार उघडेल."

चौरस कलला की त्याचे शंकरपाळे होते. बाजू तेवढ्याच, आतली जागा मात्र घटत जाते. त्या घटत्या जागेत राणीचा भाऊ उभा होता.

राणी धावत कोषागाराशी आली. दारावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तीन कामे कर. खोली सरळ करणे हे तिसरे."

"सांग. लवकर सांग."

साळुंकीने दोन लांब व दोन आखूड रुप्याच्या कांड्या टाकल्या. "आयत कर."

राणीने समोरासमोर सारख्या कांड्या मांडल्या. "झाला!"

"आणि कोपरे?"

घाईत कोपऱ्यांकडे पाहिलेच नव्हते. राणीने गवंड्याचा गुण्या मागवला, कोपरे काटकोनात बसवू लागली. तीन बसले, तसा चौथा आपोआप बसला. इतक्यात आतून हाक आली, "अक्का, भिंत कोपराला लागली!"

"दुसरे काम!" राणी ओरडली.

साळुंकीने विचारले, "चौरस हा आयत आहे का?"

राणी येरझाऱ्या घालू लागली. चौरसाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या, चारही कोन काटकोन. "आहे," ती म्हणाली, "पण प्रत्येक आयत चौरस नव्हे. त्याला चारही बाजू सारख्या लागतात."

"मान्य," म्हणून साळुंकीने गुण्या गिळला. "आता खोली. जवळ फक्त दोर ठेव."

राणीने बाहेरून चारही भिंती मोजल्या. सारख्या. पुन्हा मोजल्या. सारख्याच! अहो, दहादा मोजल्या तरी काय होणार? पण त्या राज्याची रीतच तशी. खोलीचा मध्य वास्तुपुरुषाचा, म्हणून मधून कोणी चालत नसे आणि गवंडीसुद्धा दोर लावीत तो भिंतीच्या कडेने.

"शंकरपाळ्याच्या बाजूही सारख्याच असतात," साळुंकी म्हणाली.

आतून श्वास लागल्याचा आवाज येत होता. राणीचे काळीज तुटले. मग तिच्या ध्यानी आले, की कलताना समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांपासून लांब गेले आहेत आणि उरलेले दोन जवळ आले आहेत. लांब गेलेल्या एका कोपऱ्यात झरोका होता. तिने त्यातून एका दोराचे टोक आणि दुसरा एक दोर आत टाकला.

"कीर्तिध्वजा, हे टोक मधून ने आणि समोरच्या लांबच्या कोपऱ्यातल्या खांबाला बांध."

"मधून? अक्का, वास्तुपुरुष कोपेल!"

"कोप माझ्यावर. बांध! आणि दुसऱ्या दोराने दोन्ही कर्ण मोजत राहा. ते सारखे झाले की खोली चौरस, तेव्हा सांग."

कीर्तिध्वजाने दोर बांधला. राणीने झरोक्याच्या कोपऱ्याशी पाय रोवून ओढ घेतली. भिंती कण्हल्या. लांबचे कोपरे जवळ येऊ लागले, जवळचे दूर सरू लागले. राणीचे तळवे सोलून निघाले.

"किती उरले?"

"थोडेच! ओढ... ओढ... थांब!"

आणखी एक हिसका द्यावा असे राणीला फार वाटले. पण तो दिला असता, तर खोली उलट्या बाजूला कलली असती. हात आवरताना तिला रडू कोसळले, पण तिने हात आवरले.

कडी वाजली, दार उघडले. शाप मोडला, सोन्याची माती झाली आणि वक्रांग राज्य सोडून गेला.

कीर्तिध्वज अंगणात आला. राणी त्याला कवेत घ्यायला पुढे झाली, तसा तो हलकेच मागे सरला.

"एवढ्यात नको, अक्का," तो म्हणाला. त्याने दोन्ही हात पसरले, हळूहळू, पुरते. ते कुठेच लागले नाहीत. राणी तशीच थांबली, त्याचे हात खाली येईपर्यंत.